पिठाची चिमूट

नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल चोळायचे आणि घटकाभराने उटण्याने तेच काढायचे, हा आपला प्रकार मोठा गमतीचा. पण या काढण्याच्या विद्येला जुन्या काळी स्वतंत्र नाव होते, उद्वर्तन. वाग्भटाने अष्टांगहृदयात दिनचर्या सांगताना अभ्यंग आणि व्यायाम यांच्यानंतर, स्नानाच्या आधी त्याला जागा दिली. कफ आणि मेद उतरवणे व त्वचा प्रसन्न करणे हे त्याचे गुण सांगितले. वात्स्यायनाचा शौकीन नागरक तर रोज स्नान, एक दिवसाआड अंग चोळून घेणे आणि दर तिसऱ्या दिवशी फेनक, म्हणजे फेस आणणारे द्रव्य, असा नेमच पाळी.

नागरकाचे एक सोडा, त्याच्या पदरी नोकरचाकर होते. आमच्या आजीपाशी होता डाळीच्या पिठाचा डबा. वयात येणाऱ्या नातीचे नाक-कपाळ तुकतुकू लागले, की ती चिमूटभर पीठ पाण्यात कालवून हातावर ठेवी. साय मात्र मिळायची नाही. ती कोरड्या कातडीच्या बहिणीसाठी! आजीला त्वचेतील तैलग्रंथींची वार्ता नव्हती, पण कोरडे पीठ तेल शोषते हे तिला तळणीपाशी उभे राहून ठाऊक होते. मुलतानी मातीचेही तेच. विलायतेतले विणकरी लोक लोकरीच्या कापडातला चिकटा अशाच मातीने काढीत. शिकेकाई-रिठ्याची तऱ्हा निराळी. त्यांतला फेसाळ अंश तेलाला पाण्याबरोबर वाहून नेतो.

मग साबण आला. 1888 साली लिव्हर कंपनीच्या सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. पुढे म्हैसूर सरकारने बंगळूरला चंदनी साबणाचा कारखाना काढला. वडी हाताशी आल्यावर पीठ कोण कालवणार? रोजचे उटणे हळूहळू वर्षाचे झाले, आणि आता तेही पुडीतून येते.

आजीचे सगळेच बरोबर होते असे मात्र नव्हे. तारुण्यपीटिकांवरही ती भरड पीठ खसाखसा चोळायला लावी, वर लिंबाची फोड! त्याने कातडी सोलवटते, आग होते. असल्या चेहऱ्याला हलका हात आणि सौम्य धुणे बरे, असे आजचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. माझ्या थोरल्या बहिणीने हे तेव्हाच ओळखले होते. आजीची पाठ वळली की ती पीठ मुकाट्याने चाळून घेई.