मार्व्हल की ऑल-इन-वंडर? : संगणकीय चित्रग्रहणाच्या इतिहासातील एक निवड

यंत्रांचा इतिहास लिहिताना टिकून राहिलेल्या यंत्राचे गुण आणि मागे पडलेल्या यंत्राचे दोष मोजून निकालाची उपपत्ती लावण्याचा प्रघात पडला आहे. असा इतिहास वाचावयास सुबोध असतो. परंतु प्रत्यक्ष निवडीच्या वेळी ग्राहकापुढे प्रश्न कोणत्या स्वरूपात उभा होता, हे त्यावरून कळत नाही. प्रस्तुत लेखात अशाच एका निवडीचा विचार करावयाचा आहे. घरच्या संगणकावर दूरचित्रवाणी पाहू इच्छिणाऱ्या आणि व्हिडिओ टेपवरील चित्रण संगणकात उतरवून घेऊ इच्छिणाऱ्या माणसापुढे १९९९ साली दोन नावाजलेली ग्राफिक्स कार्डे होती : एटीआय कंपनीचे ऑल-इन-वंडर १२८ आणि मॅट्रॉक्स कंपनीचे मार्व्हल जी४००-टीव्ही. यांपैकी कोणते घ्यावे, हा प्रश्न वरवर पाहता खरेदीचा आहे. वस्तुतः चित्रावर करावयाचे श्रम कोणी करावेत आणि ते करण्याचे आश्वासन किती काळ पाळले जाईल, असा तो दुहेरी प्रश्न होता.

दोन्ही कंपन्या कॅनडातील. मॅट्रॉक्स ही लॉर्न ट्रॉटिए आणि ब्रँको मॅटिच यांनी १९७६ साली स्थापन केली. तिचे ठिकाण माँट्रियलजवळील डॉर्व्हल. एटीआयची स्थापना १९८५ साली टोरांटो परिसरात के. वाय. हो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. ऑल-इन-वंडर या नावाचे पहिले कार्ड १९९६ साली आले. मॅट्रॉक्सने १९९८ मध्ये मार्व्हल जी२००-टीव्ही आणि पुढील वर्षी जी४००-टीव्ही बाजारात आणले. संगणकाचा पडदा चालविणे, त्रिमितीय खेळांची चित्रे रंगविणे, ट्यूनरद्वारा वाहिन्या पकडणे आणि बाहेरील चित्रसंकेत आत घेणे ही सर्व कामे एकाच कार्डाने करावीत, हा उभयतांचा हेतू समान होता. भेद होता तो शेवटचे काम करण्याच्या पद्धतीत.

हा भेद समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. भारतात आणि युरोपच्या बहुतेक भागांत रूढ असलेल्या पाल पद्धतीचे चित्र पूर्ण आकारात घ्यावयाचे, तर आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू धरावे लागतात, आणि अशी २५ चित्रे दर सेकंदास येतात. प्रत्येक बिंदूस दोन बाइट लागतात असे मानल्यास सेकंदास २,०७,३६,००० बाइट, म्हणजे तासास सुमारे ७५ गिगाबाइट इतका पसारा होतो. उत्तर अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीत ओळी कमी आणि चित्रे अधिक असल्याने हिशेब जवळजवळ तोच येतो. त्या काळच्या घरगुती संगणकाची संपूर्ण हार्ड डिस्क याच्या अंशमात्र असे. तेव्हा चित्र आत येत असतानाच त्याचा पसारा आवळणे, म्हणजे त्याचे संपीडन करणे, अपरिहार्य होते. हे संपीडन कोणी करावयाचे, याची दोन उत्तरे या दोन कार्डांनी दिली.

मार्व्हलने हे काम झोरान कंपनीच्या एका स्वतंत्र चिपकडे सोपविले. ती मोशन जेपेग पद्धतीने प्रत्येक चित्र स्वतंत्रपणे आवळीत असे. सेकंदास ३ मेगाबाइटचा दर धरला, तर तासाला सुमारे ११ गिगाबाइट जागा लागे. जागा बरीच जाई खरी. परंतु मुख्य प्रोसेसरवर भार अल्प पडे, आणि प्रत्येक चित्र स्वयंपूर्ण असल्यामुळे संपादन करताना हव्या त्या चित्रावर कात्री चालविता येई. ऑल-इन-वंडरवरील रेज थिएटर ही चिप येणाऱ्या संकेताचे अंकांत रूपांतर करी. संपीडनाचे श्रम मात्र संगणकाच्या प्रोसेसरवर आणि सॉफ्टवेअरवर पडत. त्यातील एमपेग पद्धत लगतच्या चित्रांतील साम्य हेरून केवळ फरक नोंदविते. सेकंदास ६ मेगाबिटच्या दराने तासाचे चित्रण २·७ गिगाबाइटमध्ये मावते. परंतु मधले एखादे चित्र वेगळे काढणे जिकिरीचे होते. शिवाय प्रोसेसर मागे पडला, की चित्रे गळत. १९९९च्या फेब्रुवारीत आलेला पेंटियम ३ आरंभी ४५० आणि ५०० मेगाहर्ट्झचा होता. पूर्ण आकाराचे एमपेग-२ चित्रण चालता चालता करण्यास तो अपुराच पडावा, हे उघड आहे. सारांश, त्या वर्षी संपादनासाठी मार्व्हल घेणाऱ्याचा निर्णय सयुक्तिक होता.

पुढे काळाचे पारडे फिरले. मार्च २००० मध्ये १ गिगाहर्ट्झचे प्रोसेसर बाजारात आले. वेगवृद्धीचा हा सारा लाभ प्रोसेसरवर विसंबलेल्या पद्धतीस आपोआप मिळाला. झोरानची चिप मात्र विकत घेतलेल्या दिवशी होती तेवढ्याच क्षमतेची राहिली. किंबहुना मॅट्रॉक्सनेही पुढील मार्व्हल जी४५० ईटीव्ही या कार्डात ही चिप वगळून सॉफ्टवेअरद्वारा होणाऱ्या एमपेग-२ चा मार्ग पत्करला. एवढ्यावरून "सामान्य प्रोसेसरने विशेष चिपेवर मात केली" असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो अपुरा आहे.

याचे कारण असे की जुने मार्व्हल निरुपयोगी झाले ते त्याची चिप मंद होती म्हणून नव्हे. विंडोज २००० ही प्रणाली १७ फेब्रुवारी २००० रोजी आणि विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी प्रसिद्ध झाली. विंडोज ९८ वर मार्व्हलचे चित्रग्रहण ज्या पूर्णतेने चालत होते, त्या पूर्णतेने ते चालविणारे ड्रायव्हर या नव्या प्रणालींसाठी मिळाले नाहीत. चिप शाबूत, ट्यूनर शाबूत. परंतु त्यांच्याशी बोलणारी भाषाच नव्या प्रणालीत नव्हती. लिनक्सवर काही हौशी कार्यकर्त्यांनी स्वतः ड्रायव्हर लिहून हे कार्ड चालते ठेवले, ही गोष्ट चिपेत दोष नव्हता याचा उत्तम पुरावा होय. दुसऱ्या बाजूस एटीआयने २००० साली ऑल-इन-वंडर रेडिऑन, २००१ साली ८५०० डीव्ही, २००२ साली ९७०० प्रो अशी परंपरा चालू ठेवली आणि तिच्याबरोबर सॉफ्टवेअरही पुढे नेले. म्हणजे १९९९ साली ग्राहकाने जे विकत घेतले ते केवळ कार्ड नव्हते, तर उत्पादकाच्या पुढील आस्थेविषयीचे एक अलिखित वचन होते. आणि वैशिष्ट्यांच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता.

या निवडीचे इतिहासाच्या अभ्यासकाशी असलेले नाते मात्र निराळे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दूरचित्रवाणीचा काही भाग आज घरगुती टेपांवरून उतरवलेल्या फायलींच्या रूपानेच हाती लागतो. अशी फाइल साधन म्हणून वापरताना ती कोणत्या मार्गाने आली, हे पाहिले पाहिजे. जुन्या एव्हीआय फायलींना २ गिगाबाइटची आणि फॅट ३२ पद्धतीच्या डिस्कवरील फायलींना ४ गिगाबाइटची मर्यादा होती. तेव्हा कार्यक्रम मध्येच तुटलेला दिसला, तर तो खंड प्रसारणातील नसून डिस्कच्या रचनेतील असू शकतो. हालचालीत मध्येच बसलेला धक्का हा संपादकाची कात्री नसून गळलेली चित्रे असू शकतात. आपल्याकडे लोकप्रिय झालेल्या व्हीसीडीवर चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असते. मूळ ओळींपैकी निम्म्याच तेथे उरतात, आणि पडद्यावरील बारीक अक्षरे वाचता न येण्याचे कारण बहुधा हेच असते. ताम्रपटाचा अभ्यासक ज्याप्रमाणे कोरणाऱ्याच्या चुका मूळ मजकुरापासून वेगळ्या काढतो, त्याचप्रमाणे येथे यंत्राच्या खुणा चित्रणापासून वेगळ्या काढावयास हव्यात.

यथावकाश दोन्ही कार्डांचे प्रयोजनच संपले. अमेरिकेतील मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रसारण १२ जून २००९ रोजी थांबले. कॅनडातील बहुतेक शहरांत ३१ ऑगस्ट २०११ रोजी. भारतात २०११च्या कायदादुरुस्तीनंतर मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत २०१२च्या अखेरीस केबलचे डिजिटलीकरण झाले. एटीआय २००६ साली एएमडी कंपनीत विलीन झाली आणि ऑल-इन-वंडर हे नाव २००८च्या कार्डाबरोबर मावळले. २०१४ साली मॅट्रॉक्सने आपल्या नव्या ग्राफिक्स कार्डांसाठी एएमडीच्याच चिप घेण्याचे जाहीर केले. जुन्या स्पर्धेचा हा शेवट बोलका आहे.

तात्पर्य, दोहोंपैकी कोणते कार्ड श्रेष्ठ होते, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या वर्षी विचारले आणि कोणत्या कामासाठी विचारले यावर अवलंबून आहे. १९९९ साली मार्व्हल घेणारा चुकला नव्हता आणि ऑल-इन-वंडर घेणारा द्रष्टाही नव्हता. ज्या गोष्टीने निकाल लावला ती, म्हणजे उत्पादकाची पुढील आस्था, निवडीच्या क्षणी दोघांनाही दिसणे शक्य नव्हते. यंत्राच्या आयुष्याचा हिशेब मांडताना त्याच्या धातूइतकेच त्याला जिवंत ठेवणाऱ्या अदृश्य श्रमांकडे अभ्यासकाने लक्ष द्यावे, हाच या छोट्या प्रकरणाचा बोध होय.