दोघंच, एक छोटी बोट आणि समोर अटलांटिक: वल्ही मारत महासागर पार करणाऱ्यांचा दिवस कसा जातो?

दोन तास वल्ही मारायची, दोन तास सुट्टी. परत दोन तास वल्ही, परत दोन तास सुट्टी. दिवसा, रात्री, पावसात, अगदी स्वतःच्या वाढदिवसालाही. असं सलग दीड-दोन महिने. इंजिन नाही, शीड नाही आणि सोबतीला फक्त एक माणूस.

दर डिसेंबरमध्ये स्पेनच्या कॅनरी बेटांमधल्या ला गोमेराहून काही बोटी निघतात आणि अटलांटिक पार करून कॅरिबियनमधल्या अँटिग्वाला पोहोचतात. अंतर साधारण ४,८०० किलोमीटर. कोणी एकटं जातं, कोणी चौघं, तर कोणी दोघं. एकट्याला कोणाशी जुळवून घ्यावं लागत नाही. चौघांत एकाशी पटलं नाही तरी निभावतं. दोघांत मात्र ती सोय नाही.

डिसेंबरच का?

अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरपर्यंत संपतो. शिवाय शाळेच्या भूगोलात वाचलेले व्यापारी वारे इथे कामाला येतात. ते ईशान्येकडून वाहतात आणि बोटीला पश्चिमेकडे ढकलतात. वारा उलटा फिरला, तर मात्र दिवसभर वल्ही मारूनही बोट जागची हलत नाही.

बोटीत असतं काय?

बोट जेमतेम ७ मीटर लांब. मध्ये डेकवर सरकत्या सीट आणि दोन्ही टोकांना छोट्या केबिन. केबिनमध्ये झोपता येतं, उभं राहता येत नाही. सोलर पॅनलवर बॅटऱ्या चार्ज होतात आणि त्यावर जीपीएस, सॅटेलाइट फोन आणि समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन चालतं. सलग ढगाळ हवा राहिली की वीज कमी पडते. मग पिण्याचं पाणी हातपंप मारून काढायचं, तेही विश्रांतीच्या वेळेत.

सुट्टीचे दोन तास जातात कुठे?

ही नावालाच सुट्टी. त्या दोन तासांत पाणी गरम करून कोरड्या जेवणाच्या पाकिटात ओतायचं, खायचं, अंगावरचं मीठ पुसायचं, जखमांना मलम लावायचं, बिघडलेलं काही असेल तर दुरुस्त करायचं. उरलेल्या वेळात झोप. ती एका वेळी फार तर दीड तास मिळते.

टॉयलेट म्हणजे बादली. तीही उघड्या डेकवर, जोडीदार समोर वल्ही मारत असताना. पहिल्या एक-दोन दिवसांत लाज संपते.

दिवसाला ५,००० पेक्षा जास्त कॅलरी जळतात. तेवढं खाणं जमत नाही, म्हणून वजन भराभर उतरतं. पण त्यापेक्षा जास्त छळतं ते मीठ. ओले कपडे आणि मीठ अंगावर घासून बसायच्या जागी फोड येतात. म्हणूनच अनेक जण चक्क कपड्यांशिवाय वल्ही मारतात. बोटीच्या तळाला शिंपले चिकटले की वेग घटतो. मग कमरेला दोर बांधून एकाने पाण्यात उतरायचं आणि ते खरवडायचे.

मग दोघांच्या गप्पा कधी होतात?

गंमत इथेच आहे. एक जागा असतो तेव्हा दुसरा झोपलेला. चोवीस तास एकाच बोटीत असूनही निवांत भेट होते ती पाळी बदलताना, काही मिनिटांची. पाळीवर यायला पाच मिनिटं उशीर म्हणजे समोरच्याच्या झोपेतली पाच मिनिटं गेली. रुसून जायचं तर जागाच नाही.

वारा समोरून आला की पाण्यात पॅराशूटसारखा नांगर सोडून थांबावं लागतं. तेव्हा दोघं बंद, दमट केबिनमध्ये अडकतात, कधी तासभर, कधी काही दिवस. वल्ही मारण्यापेक्षा हे थांबणं जड जातं.

हे वेड जुनं आहे का?

१८९६ मध्ये जॉर्ज हार्बो आणि फ्रँक सॅम्युएलसन हे अमेरिकेत राहणारे दोन नॉर्वेजियन १८ फुटी उघड्या होडीतून न्यूयॉर्कहून निघाले आणि ५५ दिवसांनी इंग्लंडजवळच्या सिली बेटांवर पोहोचले. वाटेत होडी उलटली आणि बरंच सामान वाहून गेलं. भेटलेल्या एका नॉर्वेजियन जहाजाने खाणं दिलं, म्हणून पुढे जाता आलं.

१९६६ मध्ये दोन ब्रिटिश जोड्या अमेरिकेच्या किनाऱ्यावरून निघाल्या. जॉन रिजवे आणि चे ब्लाइथ ९२ दिवसांत, ३ सप्टेंबरला आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले. डेव्हिड जॉनस्टोन आणि जॉन होअर यांची 'पफिन' मात्र ऑक्टोबरमध्ये उलटलेल्या अवस्थेत सापडली. दोघांचा पत्ता लागला नाही. बोटीत मिळालेल्या डायरीतली शेवटची नोंदही ३ सप्टेंबरचीच होती.

आजच्या बोटी केबिनची दारं बंद असतील तर उलटल्यावर आपोआप सरळ होतात. २००५-०६ मध्ये ऑलिम्पिक विजेता जेम्स क्रॅकनेल आणि बेन फोगल यांची बोटही उलटली होती, तरी ते ४९ दिवसांत पोहोचले. पण डेकवरच्या माणसाला वाचवतो तो कमरेचा पट्टाच.

भारताचं काय?

बेंगळुरूत जन्मलेल्या अनन्या प्रसाद यांनी हीच मोहीम एकटीने ५२ दिवसांत पूर्ण केली. त्या २०२५ मध्ये अँटिग्वाला पोहोचल्या. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनी गोव्याहून निघून सुमारे आठ महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण 'तारिणी' ही शिडाची बोट. तिथे वारा बोट ओढतो, इथे हात.

थोडक्यात काय?

ताकद सरावाने येते. पण रात्री दोन वाजता, पावसात, 'तुझी पाळी' असं ऐकल्यावर मुकाट्याने उठणारा माणूस मिळावा लागतो. आणि स्वतःलाही तसाच माणूस व्हावं लागतं. कारण तुम्ही उठलात, तरच तो झोपणार.