लहान छेद, मोठा प्रश्न : आतड्याच्या दुर्बीण-शस्त्रक्रियेचा इतिहास

१/ पोट न फाडता पोटाच्या आत पाहता येईल का? १९७२ च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी या दिशेने प्रारंभ केला. तेव्हा दुर्बीण हे उपचाराचे नव्हे, निदानाचे साधन होते.

२/ निकड खरी होती. पोटाचा क्षय की कर्करोग, हे ठरवण्यासाठी अनेकदा पोट उघडावे लागे. बेंबीजवळच्या छिद्रातून दुर्बीण घातली की आतड्यावरील क्षयाचे दाणे दिसत आणि तपासणीसाठी तुकडाही घेता येई.

३/ ३१ मे १९९० रोजी त्याच रुग्णालयात उडवाडियांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातील ही अशी पहिली शस्त्रक्रिया. महागडे तंत्र गरीब देशाला कशासाठी? उडवाडियांची भूमिका उलट होती : हातावर पोट असलेल्यालाच लवकर कामावर परतण्याची गरज अधिक.

४/ आतडे मात्र पित्ताशयाहून अवघड. रोगट भाग कापून दोन टोके जोडावी लागतात. जोड सुटल्यास मल पोटात पसरून जिवावर बेतते. कर्करोगात लसिकाग्रंथीही काढाव्या लागतात.

५/ त्यातच १९९० च्या दशकात छिद्रांच्या जागी कर्करोग उगवल्याच्या नोंदी आल्या. लहान छेदाची किंमत रुग्णाच्या आयुष्याने तर मोजली जात नाही ना, ही शंका बळावली.

६/ उत्तर २००४ मध्ये मिळाले. अमेरिका व कॅनडातील ४८ संस्थांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८७२ रुग्णांची तुलना झाली. तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत १८ टक्के. म्हणजे जवळपास सारखेच. रुग्णालयातील मुक्काम ५ दिवस विरुद्ध ६. मात्र दुर्बिणीने आरंभ केलेल्या दर पाचांपैकी एकाचे पोट अखेर उघडावे लागले.

७/ पुढे यंत्रमानव आला. गुदाशयाच्या कर्करोगावरील २०१७ च्या चाचणीत पोट उघडण्याची वेळ यंत्रमानवासह ८.१ टक्के, साध्या दुर्बिणीत १२.२ टक्के रुग्णांवर आली. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. खर्च मात्र वाढला.

८/ म्हणून मुळशीतील घोटावड्यासारख्या गावातून पुण्यास येणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने प्रश्न यंत्र किती नवे, हा नाही. शस्त्रवैद्याचा हात त्या तंत्रात किती मुरला आहे आणि वेळ आल्यास पोट उघडण्याचा विवेक त्याच्यापाशी आहे का, हा आहे. लहान छेद हे साधन. रोग समूळ निघणे हे साध्य.