बोलका पडदा आणि मुके मराठी दस्तऐवज

संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावरील मजकूर आवाजात वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीला 'स्क्रीन रीडर' म्हणतात. दृष्टिहीन व्यक्ती संगणकावर माऊसऐवजी कळफलकाने काम करते. संकेतस्थळावर 'एच' ही कळ दाबली की पुढचे शीर्षक ऐकू येते. 'टॅब' दाबली की पुढचा दुवा किंवा अर्जातील पुढचा रकाना.

अपघातात दृष्टी गमावलेले अमेरिकी अभियंते टेड हेन्टर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये 'जॉज' ही आज्ञावली आणली. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी तिच्याच साह्याने अभ्यास करून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०१६ च्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळविला. मात्र 'जॉज' विकत घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने २००६ मध्ये 'एनव्हीडीए' ही मोफत आज्ञावली लिहावयास घेतली. तिच्यासोबत मिळणारा 'ईस्पीक' हा आवाज मराठीही वाचतो. अँड्रॉइड मोबाइलवर 'टॉकबॅक' हेच काम करते.

जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनच्या 'मनोबल' प्रकल्पात दृष्टिबाधित व अन्य दिव्यांग विद्यार्थी निवासी राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. जळगाव-धुळ्याच्या अशा विद्यार्थ्याला आज आज्ञावली फुकट मिळते. अडचण येते ती मराठी मजकुराची. स्क्रीन रीडर अक्षराचा आकार पाहत नाही, त्यामागील संकेतांक वाचतो. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे आकार बसविलेले असत. त्यामुळे डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसणारा परिच्छेद कानांना निरर्थक रोमन अक्षरांची माळ वाटतो. कागद स्कॅन करून केलेली 'पीडीएफ' तर निव्वळ चित्र. अक्षरओळख केल्याशिवाय तिच्यातून शब्दही उमटत नाही. जाहिरात, अभ्यासक्रम किंवा अर्ज अशा रूपात आला, तर विद्यार्थ्याला पुन्हा वाचून दाखविणारा माणूस शोधावा लागतो.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये माहिती सुगम्य रूपात देण्याची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सुगम्यता हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचा निर्वाळा दिला. उपाय खर्चिक नाहीत : मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा, शीर्षकांना शीर्षक म्हणून खूण द्यावी, चित्रांना शब्दांत वर्णन जोडावे आणि स्कॅनऐवजी मूळ फाइल प्रसिद्ध करावी. एवढे झाले, तर परीक्षेचा अर्ज विद्यार्थ्याला स्वतःच वाचता आणि भरता येईल.