आणेवारी आणि यादृच्छिक निवड

सावनेरच्या कपाशीच्या काळ्या रानात, मालगुजारीच्या अमदानीत, पीक किती आले हे नजरअंदाजाने आण्यांत ठरे, आणि त्या आणेवारीवरच सरकारदरबारची अनुमाने उभी राहत. पाहणाऱ्याची दृष्टी कितीही प्रामाणिक असली, तरी ती वाटेवरच्या, परिचित शेतावर आधी स्थिरावते, हा त्या पद्धतीचा मूलगत दोष होय. शेत निवडण्याचा अखत्यारच माणसाकडून काढून घ्यावा, हा विचार १९२० नंतरच्या दशकात सनदी अधिकारी हबॅक यांनी बिहार-ओरिसात भाताच्या कापणीस लावला. प्रयोगक्षेत्रातील वाफ्यांना खतेसुद्धा चिठ्ठीनेच वाटावीत, हे तत्त्व रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे प्रतिपादिले. १९४० नंतरच्या दशकात वि. गो. पानसे यांनी वऱ्हाडातील कपाशीसाठी तीच वाट चोखाळली: आधी गाव, मग शेत, मग शेतातील तुकडा यादृच्छिक संख्यांनी ठरवायचा, आणि कपाशीची वेचणी एकदाच होत नसल्याने त्याच तुकड्यातील प्रत्येक वेचणीचा कापूस तोलायचा. कास्तकाराला याहून निःपक्षपाती मोजमाप कोणते मिळणार? पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोघा मराठी संख्याशास्त्रज्ञांचा कृषिसंशोधकांसाठीचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला.