घटांचे स्वभाव

दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरच्या एखाद्या घरात रेडिओने चालणारे छोटे विमान येते, आणि त्याच्या पाठोपाठ वादही येतो. विमानाची किंमत आईवडिलांनी कशीबशी पचवलेली असते. तेवढ्यात दुकानदार सांगतो की बॅटरी भरायला चार्जर निराळा घ्यावा लागेल, आणि घ्यायचा तर चांगलाच घ्या. मग आई विचारते, "घरात मोबाईलचे चार चार्जर पडले आहेत, त्यांतला एक नाही का चालणार?" प्रश्न अगदी वाजवी आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर मात्र जरा मागे जावे लागते.

पुन्हापुन्हा भरता येईल असा पहिला घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली केला. शिशाच्या दोन पत्र्यांची गुंडाळी आणि ती बुडवायला गंधकाम्ल, एवढेच त्याचे भांडवल. पुढल्याच वर्षी, जून १८६० मध्ये, मुंबईची आगगाडी सोलापूरला येऊन पोहोचली. या दोन गोष्टींचा तेव्हा काही संबंध नव्हता. पण पुढे आगगाडीच्या डब्यात विजेचे दिवे आले ते याच घटाच्या जोरावर. गाडी धावत असताना आसाला जोडलेला डायनॅमो घट भरी, आणि गाडी स्टेशनात थांबली की तेच घट दिवे तेवत ठेवीत.

रेडिओने वस्तू चालवण्याचा खेळही बॅटरीच्या पोटीच जन्मला. १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात एक लहानशी नौका सोडली आणि दुरून, तारेवाचून, ती हवी तशी वळवून दाखवली. नौकेच्या पोटात बॅटऱ्या होत्या. लोकांनी जादू पाहिली. त्या बॅटऱ्या कुणी आणि कशा भरल्या हे विचारायचे कुणाला सुचले असेल असे वाटत नाही. चार्जरच्या नशिबी नेहमी हेच येते!

आपल्याकडे मात्र बॅटरी भरणाऱ्याला एके काळी चांगलाच मान होता. १९२७ साली मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, १९५३ साली पुण्याचे. पण ज्या खेड्यांत वीजच नव्हती, तिथे रेडिओ बॅटरीवर चाले. कुठे दोन व्होल्टचा शिशाचा घट आणि त्याच्या जोडीला उच्च दाबाची कोरडी बॅटरी, तर कुठे मोटारीची सहा व्होल्टची बॅटरी. ती उतरली की गाणी बंद आणि बाजारभावही बंद. मग ती जड पेटी, आतले ॲसिड सांडू न देता, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी न्यायची, तिथल्या चार्जिंगच्या दुकानात ठेवायची आणि भरली की परत आणायची.

या दुकानदाराची विद्या पाहण्यासारखी होती. विजेचा प्रवाह बेतात राहावा म्हणून तो वाटेत दिव्याचे बल्ब जोडी. बल्ब जितका मोठा तितका प्रवाह जास्त. आणि त्याचे खरे हत्यार म्हणजे हायड्रोमीटर. काचेच्या नळीत तो ॲसिड ओढून घेई. आतला तरंगा १.२६ ते १.२८ दाखवू लागला की घट भरला, १.१५च्या आसपास रेंगाळला तर तो उपाशी. हे तो एकदा पाहून थांबत नसे. सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन घट असतात. तो तिन्ही झाकणे उघडून तिन्ही तपासी. कारण तीन भावांतला एक अशक्त असला, तर एकाच मापाने वाढलेले त्याला सोसत नाही. माझ्या मते चार्जरचे अर्धे शास्त्र या नळीत होते.

नंतर घट सीलबंद झाले आणि ही नळी निरुपयोगी ठरली. स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरने १८९९ साली शोधलेला निकेल-कॅडमियमचा घट दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्ण बंद डबीत मिळू लागला. आता आत डोकावायचे कसे? सोपी वाट म्हणजे घटाच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह चौदा-सोळा तास देत राहायचे. घाई असेल तर दुसरी खूण होती. घट भरला की त्याचा चढत गेलेला दाब किंचित खाली येतो, आणि ती घसरण ओळखून चार्जर थांबतो. नंतर आलेल्या निकेल-हायड्राइडच्या घटात ही घसरण इतकी बारीक असते की जुन्या चार्जरच्या ती ध्यानातच येत नाही. तो वीज ओततच राहतो आणि घट तापतो.

मग १९९१ साली सोनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला. त्याच्या जन्माबद्दल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा घट वजनाला हलका, म्हणून विमानाला वरदानच. पण स्वभावाने तापट. भरल्याची कुठलीही घसरण तो दाखवत नाही. दर घटाला ४.२ व्होल्टपर्यंत चढवायचे, तिथे दाब धरून ठेवायचा आणि प्रवाह आपोआप ओसरू द्यायचा. ती रेषा ओलांडली तर घट फुगतो, कधी पेटतोही. मोबाईलमध्ये हे राखण करणारे मंडळ फोनच्या पोटातच असते. आपण ज्याला चार्जर म्हणतो तो नुसता वीज पुरवणारा. विमानाच्या बॅटरीत असा रखवालदार बहुधा नसतो. आईच्या प्रश्नाचे उत्तर हे.

म्हणून चार्जर घेताना पहिली चौकशी करावी ती 'बॅलन्स'ची. बॅटरीला दोन जाड तारांशिवाय एक बारीक तारांचा पांढरा जोड असतो. त्यातून चार्जर प्रत्येक घट वेगळा मोजतो आणि पुढे गेलेल्याला मागच्यासाठी थांबवतो. चार्जिंगवाल्याची काचेची नळीच ही, नव्या वेषात परत आलेली! ज्यात ही सोय नाही तो चार्जर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

ताकदीचा हिशेब सोपा आहे. २२०० मिलिअँपिअर-तासांची तीन घटांची बॅटरी २.२ अँपिअरने भरावी. शेवटचा दाब १२.६ व्होल्ट, म्हणजे सुमारे २८ वॅट. पन्नास वॅटचा चार्जर तिला पुरून उरतो. पण मुलाची हौस वाढून सहा घटांची ५००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आली, तर सव्वाशे वॅट लागतील. विमाने पडतात, मोडतात, बदलतात, चार्जर राहतो. तेव्हा थोडा मोठाच घ्यावा. घरच्या विजेवर आणि मोटारीच्या १२ व्होल्टवरही चालणारा असेल तर आणखी उत्तम, म्हणजे माळावरही अडत नाही.

आणि सोलापूरचे ऊन विसरून चालणार नाही. लिथियमचे घट साधारण ४५ अंशांच्या आतच भरावेत असे मानतात, आणि मे महिन्यात इथली नुसती सावलीच चाळिशी ओलांडते. उडून आलेली बॅटरी आधी निवू द्यावी. उन्हातल्या बंद मोटारीत ती भरायचा विचारसुद्धा नको. घरात भरताना फरशीवर किंवा विटेवर ठेवावी, जवळ माणूस असावे. गादीवर, किंवा आपल्या लाडक्या सोलापुरी चादरीवर, मुळीच नको.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली की बॅटरी पूर्ण भरून ठेवू नये, पूर्ण उतरवूनही नाही. चांगल्या चार्जरवर 'स्टोरेज' नावाची सोय असते. ती दर घट सुमारे ३.८ व्होल्टवर आणून सोडते. मग बॅटरी पत्र्याच्या डब्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात, पुढच्या सुट्टीपर्यंत.