जुन्या मोटारीचे निदान

'निदान' हा शब्द वैद्यांचा. मोटारीच्या कारागिरांपर्यंत तो फारसा पोहोचला नाही. तेथे 'फॉल्ट' काढतात. परंतु फॉल्ट काढण्याची रीत पाहिली, तर ती वैद्यकाच्या फार जवळची आहे, असे आम्हांस वाटते. माधवकराच्या 'माधवनिदाना'त रोग ओळखण्याची पाच साधने येतात : हेतू, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. पैकी उपशय म्हणजे औषध वा पथ्य देऊन पाहावयाचे आणि कशाने उतार पडतो त्यावरून रोग ठरवावयाचा. मुंबईच्या फियाटवाल्यांनी हा ग्रंथ वाचलेला नव्हता. उपशय मात्र त्यांच्या नित्याच्या वापरात होता.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. चार सिलिंडरांचे १०८९ सीसी इंजिन, कार्बोरेटर, डिस्ट्रिब्यूटर, आणि त्यात ठिणगीची वेळ साधणारे सीबी पॉइंट. ही ठिणगीची योजना मुळात अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांची, १९१०च्या आसपासची. नवी गाडी मिळण्यासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागण्याच्या त्या काळात एकेक फियाट अनेक मालकांच्या हातांतून जाई, आणि प्रत्येक नव्या मालकाच्या पदरी आधीच्यांचे न सांगितलेले बिघाडही पडत.

उन्हाळ्यात बोरघाट चढताना अशी गाडी अचानक बंद पडे. अर्ध्या तासाने, जणू काही झालेच नाही अशी, सुरू होई. कारण दोहोंपैकी एक असू शके. तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडलेला, किंवा इग्निशन कॉइल तापून ठिणगी गेलेली. लक्षण एकच, रोग दोन. आणि नुसते थांबल्याने दोन्ही निवतात, म्हणून थांबून काहीच कळत नाही. जाणता चालक ओले फडके काढी आणि ते फक्त पंपावर ठेवी. गाडी लगेच सुरू झाली, तर दोष पेट्रोलच्या वाटेतला. न झाल्यास प्लगची वायर इंजिनाच्या धातूजवळ धरून स्टार्टर मारावयाचा आणि ठिणगी पडते का ते पाहावयाचे. फडके दोन्हींवर टाकणाऱ्याची गाडीही सुरू होई, पण त्याला रोग कळत नसे. पुढच्या चढावर ती पुन्हा थांबे.

'मिसिंग' शोधण्याची युक्तीही याच जातीची. इंजिन मंद चालू ठेवून एकेका प्लगची टोपी उपसावयाची. जिथे उपसल्यावर आवाज बसतो ते सिलिंडर जिवंत. जिथे काहीच फरक पडत नाही ते आधीच मेलेले. निळा धूर दिसला की ऑइल जळते आहे, काळा दिसला की पेट्रोल जास्त होते आहे. इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७९च्या एका निबंधात क्षुल्लक खुणांवरून अदृश्याचा माग काढणारी विद्या वर्णिली. मोरेल्ली, शेरलॉक होम्स आणि फ्रॉइड यांना त्यांनी एका ओळीत बसवले. त्या ओळीत मोटार मेकॅनिकला जागा नाही. आमच्या मते ती असावयास हवी होती.

विजेच्या दोषांत मात्र हे ज्ञान वारंवार तोंडघशी पडे. स्टार्टर नुसता टकटकतो, दिवे मंदावतात. मालक नवी बॅटरी आणतो आणि महिन्याभरात तक्रार परत येते. दोष असतो इंजिन व बॉडी यांना जोडणाऱ्या, गंजलेल्या पट्टीत. गॅरेजच्या भाषेत, गाडीला 'अर्थ' मिळत नाही. (साहित्याच्या विद्यार्थ्यांनी हसण्यास हरकत नाही.) बॅटरीच्या ऋण टोकापासून थेट इंजिनापर्यंत एक जाड वायर लावून पाहिली आणि स्टार्टर जोमाने फिरला, की निकाल लागला.

पुढे मोटारच बोलू लागली. कॅलिफोर्नियाने १९८८पासून गाडीत स्वयंनिदानाची सोय सक्तीची केली, १९९६पासून ती प्रमाणित रूपात साऱ्या अमेरिकेत आली, आणि २०१० नंतर टप्प्याटप्प्याने भारतात. स्कॅनर जोडला की कोड येतो, उदाहरणार्थ पी०१७१ : मिश्रणात पेट्रोल कमी. यावरून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे पुष्कळ आहेत. वस्तुतः सेन्सर बहुधा साक्षीदार असतो. गुन्हा कोठे फुटलेल्या हवेच्या नळीचा, कोठे थकलेल्या पंपाचा. कोड म्हणजे तक्रार. हेतू शोधणे उरतेच.

आणि जुन्या गाडीच्या व्यवहारात ही साक्ष पुसताही येते. विकणाऱ्यास गाडी ठाऊक असते, घेणाऱ्यास नसते, आणि या विषमतेने बाजारच कसा बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्याच दाखल्याने मांडले. सौद्याच्या सकाळी कोड पुसले, की इशाऱ्याचा दिवा विझतो. कर्ज काढून गाडी घेणारा टॅक्सीवाला तो विझलेला दिवा पाहून बयाणा देतो.

परंतु पुसण्याचीही खूण राहते. पाठचिकित्सा करणाऱ्यास खरवडलेली जागा हस्तलिखितावर दिसते, तसेच येथे घडते. कोड पुसताच गाडीच्या स्वतःच्या तपासण्यांची नोंद 'अपूर्ण' अशी होते, आणि गाडी निरनिराळ्या वेगांनी पुरेशी चालेपर्यंत ती पूर्ण होत नाही. बॅटरी नुकतीच काढली असेल तरीही असेच दिसते, तेव्हा लगेच आरोप करू नये. घेणाऱ्याने एवढेच म्हणावे, की दोन-चार दिवस गाडी चालू द्या, मग मी स्कॅनर घेऊन पुन्हा येतो. विकणारा त्यावर काय म्हणतो, तेही नीट ऐकावे.